मेमोरियल डे: आधी स्मरण, मग ग्रिल. दिवस क्रमाने कसा आखावा

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गटांत दोन निरोप फिरू लागतात. एक, "हॅपी मेमोरियल डे!" आणि खाली फुग्यांचं चित्र. दुसरा, "सोमवारी आमच्याकडे बार्बेक्यू, कोण काय आणणार?" दुसऱ्यात काहीच चूक नाही. पहिल्यात आहे. हा दिवस लष्करी सेवेत प्राण गेलेल्या सैनिकांचा आहे. सर्वपित्री अमावस्येला आपण कोणाला शुभेच्छा देत नाही, तसंच हे.

मीही हे चुकले आहे. न्यू जर्सीत येऊन तीन-चार वर्षं झाली होती. गाडीतून कोळशाच्या पिशव्या उतरवताना समोरच्या घरातल्या आजी दिसल्या आणि मी मोठ्याने "हॅपी मेमोरियल डे" म्हणाले. त्या क्षणभर थांबल्या, मान हलवली आणि आत गेल्या. त्यांच्या खिडकीत सोनेरी तारा असलेलं एक छोटं कापड लटकत असे. मी ते रोज पाहत होते. त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी दुसऱ्या शेजाऱ्याने सांगितला: या घरातलं माणूस लष्करात असताना गेलं आहे. गेला तो त्यांचा मुलगा होता.

तेव्हापासून आमच्या घरी हा दिवस ठरलेल्या क्रमाने होतो, आणि तो क्रम झेंड्यानेच घालून दिलेला आहे. त्या दिवशी अमेरिकेचा झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो आणि बाराला पूर्ण वर चढतो. बाराच्या आधी गेलेल्यांची आठवण, बारानंतर जेवण आणि ऊन. मधे तीन वाजता एक मिनिट शांतता. एवढा सांगाडा पक्का ठेवलात की बाकीचं त्यावर बसवता येतं.

पायरी १: आधी तारीख आणि अर्थ पक्के करा

मेमोरियल डे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो. २०२६ मध्ये २५ मे, २०२७ मध्ये ३१ मे, २०२८ मध्ये २९ मे.

तीन दिवसांची गल्लत सर्रास होते. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारचा आर्म्ड फोर्सेस डे आज गणवेशात असलेल्यांचा. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे सेवा केलेल्या सगळ्यांचा, त्यातही हयात असलेल्यांचे आभार मानण्याचा. मेमोरियल डे परत न आलेल्यांचा.

म्हणून "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" हे वाक्य या दिवशी जपून वापरा. माजी सैनिकाला ते म्हटलं तर अपमान होत नाही, पण तो त्या दिवशी आपल्या मेलेल्या सोबत्यांचा विचार करत असतो आणि आभार त्याला नकोसे होतात. त्यापेक्षा "आज तुम्ही कोणाची आठवण काढताय?" असं विचारा आणि ऐकत थांबा. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांना इथे गोल्ड स्टार कुटुंब म्हणतात. त्यांच्याशी बोलताना गेलेल्याचं नाव विचारा. नाव घेतल्याने त्यांचं दुःख वाढेल ही आपली भीती असते. मला भेटलेल्या प्रत्येक आईला ते नाव कोणीतरी घ्यावंसं वाटत होतं.

तपासा: खिडकीतल्या कापडावर निळा तारा असेल तर घरातलं माणूस सध्या सेवेत आहे. सोनेरी असेल तर गेलं आहे. दोन्ही घरांशी एकसारखं बोलू नका.

पायरी २: दोन आठवडे आधी जागा ठरवा

इथे दोन जागा ठरवायच्या असतात. लोक दुसरीच ठरवतात, म्हणजे उद्यानातली. मग सोमवारी सकाळी दहा वाजता "जवळपास कुठे जाता येईल?" अशी शोधाशोध सुरू होते.

सकाळची जागा: आपल्या गावाच्या किंवा काउंटीच्या संकेतस्थळावर मेमोरियल डेच्या परेडची वेळ आणि मार्ग पाहा. छोट्या गावांतली परेड बहुधा सकाळीच असते आणि एखाद्या स्मारकाजवळ किंवा दफनभूमीत संपते. रस्ते आधीपासून बंद होतात, तेव्हा गाडी कुठे लावायची तेही तेव्हाच बघून ठेवा.

लष्करी दफनभूमीत जायचं असेल तर बहुतेकांना गाडीने जाण्याजोगी एखादी सापडते. मध्य न्यू जर्सीतल्यांना बेव्हर्ली, किंवा नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियातली वॉशिंग्टन क्रॉसिंग. बे एरियातल्यांना सॅन ब्रूनोची गोल्डन गेट, शिकागोकडच्यांना एलवूडची अब्राहम लिंकन, टेक्ससमध्ये डॅलस–फोर्ट वर्थ किंवा सॅन अँटोनिओतली फोर्ट सॅम ह्यूस्टन. यांतल्या कुठेही जायला आपलं कोणी तिथे असावं लागत नाही. हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगते: अनोळखी माणसाने येऊन फूल ठेवावं यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

राजधानी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन या लष्करी दफनभूमीला जाणार असाल तर वेगळी तयारी लागते. आत जाताना सुरक्षा तपासणी होते, मोठ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं. पाण्याची बाटली चालते, खाण्याचे डबे चालत नाहीत. पाळीव कुत्रा आत नेता येत नाही. मेट्रोच्या ब्लू लाइनवर दफनभूमीचं स्वतःचं स्टेशन आहे. त्या दिवशी गाडीपेक्षा तेच बरं. अनामिक सैनिकाच्या समाधीजवळचा पहारा उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाने बदलतो. तो बघताना उभं राहायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. लहान मुलांना हे आधी, घरीच सांगा.

दुपारची जागा: घरचं अंगण असेल तर प्रश्नच नाही. उद्यानातली छपराखालची जागा हवी असेल तर बहुतेक काउंट्यांत परवाना काढावा लागतो, आणि या सोमवारसाठी तो लवकर संपतो. परवान्यावर तीन गोष्टी वाचा: स्वतःचं ग्रिल आणायला परवानगी आहे का, मद्य चालतं का, आणि कोरड्या भागात राहत असाल तर आगीवर बंदी आहे का.

थांबा: अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत ग्रिल पेटवण्याआधी भाडेकरार काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी बंदी असते. "सगळेच करतात" हे उत्तर आग लागल्यावर उपयोगाला येत नाही.

पायरी ३: शुक्रवारपर्यंत खरेदी

किराण्याची यादी तुम्हाला मी सांगायला नको. सकाळच्या भागाची सांगते, कारण तीच राहून जाते.

फुलं. ताजी कापलेली घ्या. अंगणात पिओनी असेल तर मे संपताना आपल्याकडे तीच भरात असते. कळी नुकती उमलताना, पहाटे कापा, उलटी धरून हलकेच झटका म्हणजे मुंग्या पडतात, देठांना ओला पेपर टॉवेल गुंडाळा. काचेची फुलदाणी नेऊ नका. गवत कापण्याच्या यंत्राखाली ती फुटते आणि बहुतेक दफनभूम्यांत तिला मनाई असते. फुलं किंवा हार थडग्याच्या शिळेला दोरीने वा चिकटपट्टीने बांधायचा नाही. पायाशी ठेवायचा.

पॉपीचं लाल कागदी फूल. मेमोरियल डेच्या आधीच्या शुक्रवारी आणि त्या आठवड्यात दुकानांबाहेर अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संस्थांची माणसं टेबल मांडून बसलेली दिसतात. फुलाची किंमत नसते, डब्यात देणगी टाकायची. खिशात रोख ठेवा. फूल डाव्या बाजूला, हृदयावर लावायचं.

छोटा झेंडा. घरासाठी एक, व्यवस्थित शिवलेला. थडग्यांवर लावण्यासाठी वेगळे घेऊ नका. राष्ट्रीय दफनभूम्यांत ते काम आधीच झालेलं असतं. आर्लिंग्टनमध्ये सैनिक दर शिळेपुढे बुटाच्या लांबीइतक्या, म्हणजे साधारण एक फूट अंतरावर, मधोमध झेंडा रोवतात. गावच्या दफनभूमीत स्काउटची मुलं आणि लीजनचे स्वयंसेवक आदल्या शनिवारी हेच काम करतात. मुलांना घेऊन त्यात सामील व्हायचं असेल तर त्याच आठवड्यात फोन करून विचारा. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सर्वांत चांगली सूचना हीच आहे. दोन तास वाकून झेंडे रोवलेल्या मुलाला हा दिवस कशाचा आहे हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

एक छोटी वही आणि पेन्सिल. कशासाठी, ते पायरी ६ मध्ये.

काय घेऊ नये: झेंड्याच्या नक्षीचे पेपर नॅपकिन, कागदी ताटल्या, झेंड्याचा टेबलक्लॉथ. दुकानं त्यांनी भरलेली असतात आणि विकणं बेकायदेशीर नाही, पण इथल्या झेंड्याच्या संहितेत स्पष्ट म्हटलं आहे की वापरून फेकायच्या वस्तूंवर झेंडा छापू नये आणि तो कपडा म्हणून अंगावर घालू नये. लाल-पांढऱ्या-निळ्या साध्या रंगांची ताटं घ्या.

पायरी ४: रविवारी ग्रिल तपासा

हिवाळाभर झाकून ठेवलेलं ग्रिल सोमवारी दुपारी, पंधरा पाहुणे समोर असताना पहिल्यांदा उघडणं ही चूक मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरी पाहते. आदल्या दिवशी अर्धा तास द्या.

गॅसचं ग्रिल असेल तर आधी आत डोकावून कोळ्यांची जाळी आणि उंदराचं घरटं शोधा. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात आणि ज्योत उलटी येते. मग भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशने टाकीच्या तोंडाला, नळीला आणि सांध्यांना लावा. टाकी हळूहळू उघडा. बुडबुडे आले तर गळती आहे: टाकी बंद करा, सांधा आवळा, पुन्हा तपासा. तरीही बुडबुडे येत असतील तर ते ग्रिल वापरू नका. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि टाकी बंद करूनही जात नसेल तर लांब जा आणि अग्निशामक दलाला फोन करा.

ग्रिल घरापासून, लाकडी कठड्यापासून आणि झाडाच्या लोंबत्या फांद्यांपासून किमान १० फूट दूर. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने जाळी पुसून घ्या आणि सुटलेली तार राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. ती तार कणसाला चिकटून घशात जाते.

तपासा: मांसाचा थर्मामीटर घरात आहे का? नसेल तर आजच आणा. रंग बघून कोंबडी शिजली का ठरवणं धोक्याचं आहे.

पायरी ५: सोमवारी सकाळी झेंडा

घरासमोर उभी काठी आणि दोरी असेल तर: झेंडा झपाट्याने थेट टोकापर्यंत चढवा, क्षणभर थांबा आणि मग सावकाश अर्ध्यावर आणा. सरळ अर्ध्यावर नेऊन बांधणं ही नेहमीची चूक.

बहुतेकांच्या दारात भिंतीला तिरकी लावलेली छोटी काठी असते. तिच्यावर झेंडा अर्ध्यावर येत नाही. अशा वेळी काठीच्या टोकाला काळी फीत बांधण्याची पद्धत आहे, ती पाळा. अर्धी गुंडाळी करून ठेवू नका. खिडकीत किंवा भिंतीवर लावत असाल तर ताऱ्यांचा निळा चौकोन वर आणि रस्त्यावरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे. आतून लावताना हा हमखास उलटतो. बाहेर जाऊन एकदा बघा.

पाऊस असेल आणि झेंडा साध्या कापडाचा असेल तर लावू नका. जमिनीला टेकू देऊ नका.

पायरी ६: परेड आणि दफनभूमी

परेडला घडीच्या खुर्च्या, पाणी, टोप्या. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर सावलीची जागा पकडण्यासाठी अर्धा तास आधी निघा, आणि गाडीतच त्यांना सांगून ठेवा की ही २६ जानेवारीसारखी परेड नव्हे. सुरुवातीला गावचा बँड आणि अग्निशामक गाड्या बघून उत्साह वाटतो, मुलं टाळ्या वाजवतात, ते ठीकच. पण माजी सैनिकांच्या हातातला झेंडा समोरून जाताना सगळ्यांनी उभं राहायचं.

इथे आपल्या घरांत एक खास गोंधळ होतो. इथे जन्मलेली मुलं अमेरिकी नागरिक असतात, आई-वडील एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतात, आजी-आजोबा पाहुणे. नियम असा: नागरिकांनी उजवा हात हृदयावर ठेवायचा, डोक्यावर टोपी असेल तर ती उजव्या हाताने काढून डाव्या खांद्याशी धरायची. इतर देशांच्या नागरिकांनी सावधान उभं राहायचं. म्हणजे एकाच रांगेत मुलीचा हात छातीवर आणि तुमचे हात बाजूला असणं पूर्णपणे बरोबर आहे. तुम्हीही हात छातीवर ठेवलात तर कोणी अडवणार नाही. मोबाइल उंचावून चित्रण करत उभं राहणं मात्र टाळा.

समारंभाच्या शेवटी बिगुलवर 'टॅप्स' वाजतं. २४ सुरांची ती धून मिनिटभरात संपते. ती संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. आपल्याला सवय असते, हात आपोआप वर येतात. मुलांचे हात धरून ठेवा.

आता दफनभूमी. फाटकाजवळ नियमांची पाटी असते, ती आधी वाचा, कारण प्रत्येक ठिकाणचे थोडे वेगळे असतात. मग हे:

पादत्राणं काढायची गरज नाही. शिळांच्या ओळींमधून चाला, शिळांना टेकू नका, मुलांना त्यावर बसवू नका. हळद-कुंकू, उदबत्ती, पणती, नारळ यांतलं काही नेऊ नका. भावना चांगली असली तरी ते थडगं एका दुसऱ्या घरातल्या मुलाचं आहे, शिळेवर त्याच्या धर्माची खूण कोरलेली असते, आणि कोरड्या गवतात पेटती पणती धोक्याची. खाणं-पिणं गाडीतच राहू द्या.

शिळेवर नाणी ठेवलेली दिसतील. ती कोणी विसरलेली नाहीत. प्रथा अशी: पेनी म्हणजे "मी येऊन गेलो", निकेल म्हणजे प्रशिक्षणाच्या तळावर सोबत होतो, डाइम म्हणजे सोबत सेवा केली, क्वार्टर म्हणजे तो गेला तेव्हा मी तिथे होतो. तुम्हाला ठेवायचं असेल तर पेनीच ठेवा. दुसरं नाणं ठेवणं म्हणजे न घडलेली गोष्ट सांगणं. आणि मुलांनी नाणी उचलू नयेत हे फाटकातच बजावा.

कोणाच्या शिळेपाशी थांबायचं असा प्रश्न पडतो. राष्ट्रीय दफनभूमीत पुरलेले बहुतेक जण युद्धात मेलेले नसतात. सेवा करून घरी परतलेले आणि पुढे वार्धक्याने गेलेलेही तिथेच असतात. शिळेवर नाव, हुद्दा, दल, युद्धाचं नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा असतात. तारखा वाचा आणि वजाबाकी करा. एकोणीस, एकवीस, तेवीस असं उत्तर आलं आणि मृत्यूचं वर्ष त्या युद्धाच्या काळातलं असलं की तिथे थांबा. आमच्या मुलाने पहिल्यांदा ही वजाबाकी केली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि उत्तर आल्यावर त्याने मोठ्या बहिणीकडे बघितलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांचीच होती.

आता वही काढा. घरातल्या प्रत्येकाने एक नाव उतरवायचं: नाव, हुद्दा, तारखा. फूल ठेवायचं, नाव एकदा वाचायचं. घरी गेल्यावर व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या 'व्हेटरन्स लेगसी मेमोरियल' या संकेतस्थळावर ते नाव शोधता येतं. काहींच्या पानावर कुटुंबीयांनी आठवणी लिहिलेल्या असतात.

थांबा: कोणी एकटं शिळेपाशी बसलेलं दिसलं तर त्या ओळीत जाऊ नका. त्यांचे फोटो काढू नका, मागे पुसटसे येतील असेही नाहीत.

पायरी ७: बारा वाजता

शक्य असेल तर बाराला घरी या. उभी काठी असेल तर झेंडा अर्ध्यावरून झपाट्याने टोकापर्यंत चढवा. तिरक्या काठीवरची काळी फीत आम्ही याच वेळी सोडतो. मुलांपैकी एकाला हे काम देऊन टाका, म्हणजे वेळ चुकत नाही.

इथून पुढे हसण्या-खेळण्याला संकोच नको. आमच्या ओळखीतले काही जण उलट टोकाला जातात आणि दिवसभर आवाजही काढू देत नाहीत. उन्हाळ्याची सुरुवात लोक इथे याच सुट्टीला धरतात, तलाव आणि समुद्रकिनारे याच आठवड्यात खुले होतात, आणि ज्यांच्या घरची माणसं गेली तेही संध्याकाळी अंगणात ग्रिल लावतात. फक्त फटाके नकोत. ते ४ जुलैचे. युद्धावरून आलेल्या माणसाला त्या आवाजाने काय होतं हे शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

पायरी ८: ग्रिलवर काय, कधी

पेटवताना झाकण उघडं हवं. बंद झाकणाखाली गॅस साचतो आणि भडका उडतो. मधेच ज्योत विझली तर गॅस बंद करून किमान ५ मिनिटं थांबा, मगच पुन्हा पेटवा. कोळसा असेल तर सगळे निखारे एका बाजूला सारा: एक बाजू कडक, दुसरी मंद. करपायला लागलेलं मंद बाजूला सरकवता येतं.

आपल्याकडे अर्धी पंगत शाकाहारी असते, म्हणून क्रम असा ठेवा. स्वच्छ जाळीवर आधी शाकाहारी, सगळं. भरताची वांगी टोचून, तेल लावून थेट कडक बाजूवर. सतत फिरवत वीस-पंचवीस मिनिटांत आतून मऊ होतात. कणसं सोलून थेट आचेवर, वर लिंबू-तिखट-मीठ. पनीर जाड कापा, पातळ तुकडे सळईवरून गळून पडतात. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या असाव्यात, नाहीतर जळतात. हे सगळं उतरल्यावर मांसाहारी. चिमटे दोन, ताटं दोन, आणि दोन्हींच्या मुठीला वेगवेगळ्या रंगाची पट्टी. पाहुणा मदतीला धावतो आणि हाताला येईल तो चिमटा उचलतो, त्यावर हाच उपाय.

थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता खुपसा. कोंबडी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. खिम्याचे कबाब १६० अंश. मटणाचे चॉप्स १४५ अंश आणि उतरवल्यावर ३ मिनिटं तसेच राहू द्यायचे. कच्चं मांस मुरवलेला मसाला शिजलेल्यावर वरून घालू नका. लावायचा असेल तर आधीच वाटीभर बाजूला काढून ठेवा.

तपासा: श्रीखंड, मठ्ठा, दही घातलेली कोशिंबीर, दहीभात यांची भांडी बर्फाच्या परातीत ठेवली आहेत का? बाहेर काढलेलं अन्न २ तासांत संपवायचं किंवा आत न्यायचं. ऊन ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर १ तासात. पन्हं आणि कोकम सरबत भरपूर करा. सकाळपासून उन्हात असलेल्या आजी-आजोबांना ते आधी द्या.

पाण्यावर जाणार असाल तर एवढंच: मे महिन्यात हवा गरम असते, तळ्याचं आणि समुद्राचं पाणी अजून थंडगार. उडी मारू नका, हळूहळू उतरा, आणि जीवरक्षक बसलेला असेल तिथेच.

पायरी ९: तीन वाजता

फोनवर २ वाजून ५५ मिनिटांचा गजर आधीच लावा. गप्पा रंगलेल्या असतात, कोणालाच आठवत नाही. दुपारी ३ वाजता, तुम्ही जिथे असाल तिथल्या घड्याळाप्रमाणे, देशभर एक मिनिट शांतता पाळायची असते.

गाणी बंद. ग्रिलची आच मंद, पण कोणीतरी त्याच्याजवळ उभं हवं. हातातलं ताट खाली. यजमानाने भाषण करायचं नाही. आम्ही फक्त सकाळची वही काढतो आणि ज्याने जे नाव उतरवलं ते त्याने वाचायचं: नाव, हुद्दा, वय. मग एक मिनिट. पाहुण्यांना आल्याबरोबर सांगून ठेवा म्हणजे कोणी मधेच "काय झालं?" विचारत नाही. उशिरा येणारे नेमके याच वेळी दारात उभे राहतात, म्हणून दाराशीही एकाला ठेवा.

मिनिट संपल्यावर गाणी लगेच लावू नका. आधी लोकांना बोलू द्या. गेल्या वर्षी आमच्याकडे एका काकांनी याच वेळी साताऱ्याजवळच्या आपल्या गावचं बोलायला सुरुवात केली, शाळेतल्या कोणत्या वर्गमित्राचं पार्थिव तिरंग्यात गुंडाळून आलं होतं ते. त्यांच्या मुलाने ते पहिल्यांदाच ऐकलं.

पायरी १०: संध्याकाळी आवरताना

कोळशाची राख गार दिसली तरी आत निखारा असतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत त्या रात्री टाकू नका. गॅसची टाकी बंद केल्याची स्वतः खात्री करा.

गवतात बसलेल्या, खेळलेल्या सगळ्यांची गोचिडांसाठी तपासणी करा: काखा, गुडघ्यांच्या मागे, कानामागे, केसांत. ईशान्येकडच्या राज्यांत यातूनच लाइम रोग होतो. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश काही लावू नका.

झेंडा सूर्यास्ताला उतरवा. त्यावर दिवा पडत असेल तरच रात्री राहू शकतो. सावकाश उतरवायचा, दोघांनी धरायचा. लांबीतून दोनदा दुमडा, निळा भाग बाहेर राहील असा. मग पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या घालत निळ्याकडे या. शेवटी फक्त निळा भाग आणि तारे दिसले पाहिजेत, लाल दिसत असेल तर उलगडून पुन्हा करा.

घडी घालताना कडा विरलेल्या किंवा रंग उडालेला दिसला तर तो झेंडा कचऱ्यात जाऊ देऊ नका. अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यूच्या इमारतीबाहेर त्यासाठी पेटी ठेवलेली असते. जमा झालेले जुने झेंडे ते सन्मानाने जाळतात, बऱ्याच ठिकाणी १४ जूनच्या फ्लॅग डेला. पेटीत टाकण्याआधी काठी आणि कड्या काढून घ्या, आणि झेंडा त्रिकोणी घडीतच द्या.